पुढची पेशी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्यानं केली तो शहाणा असेलही, पण त्याला कधी मोटारीनं उडवलेलं नसणार. मोटारीनं उडवलेल्या माणसापर्यंत हा सल्ला फार उशिरा पोचतो. शिवाय पायरी न चढण्याची त्याची कारणं तात्त्विक नसून शारीरिक असतात. ज्यांचे पाय मोडलेत त्यांचेच दावे वरच्या मजल्यावर चालवण्यात काही गूढ हेतू असावा, असा मला बरेच दिवस संशय होता. माणूस जिना चढून आला तर पाय बरा आहे, आणि नाही आला तर गैरहजर!

आमच्या नागपूरकडे कोर्टाच्या तारखेला ‘पेशी’ म्हणतात. पुण्या-मुंबईची माणसं नुसती ‘तारीख’ म्हणतात. त्यात कॅलेंडरापलीकडे काही नाही. पेशी म्हटलं की त्यात माणूस पेश होतो, हजर होतो, उभा राहतो आणि परत जातो. जीवशास्त्राच्या पुस्तकातही पेशी असतात. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते असं म्हणतात. कोर्टातल्या एका पेशीपासून पुढच्या पेशीपर्यंत पुष्कळदा तेवढेच दिवस जातात. म्हणजे गेल्या पेशीला जे रक्त घेऊन माणूस कोर्टात आला होता, ते या पेशीला त्याच्या अंगात उरलेलंच नसतं. मग दावा कुणाचा चालला आहे, हा प्रश्न दिसतो तितका थट्टेचा नाही.

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो आमच्या शेजारच्या मास्तरांमुळे. मास्तर एका शाळेत चित्रकला शिकवायचे. फळ्याकडे अर्धवट पाठ करून, मुलांकडे बघत, कंपासबिंपास काही न घेता एका झटक्यात ते वर्तुळ काढायचे. वर्गातली वांड पोरं मग दोरी घेऊन ते मोजायला जायची आणि खाली मान घालून परत यायची. २००४ सालचा डिसेंबर. हिवाळी अधिवेशन सुरू होतं, त्यामुळे अर्धे रस्ते बंद आणि उरलेल्या अर्ध्यांवर पूर्ण नागपूर. मास्तर आपल्या जुन्या लूनावरून शंकरनगर चौकातून निघाले होते. मागून एक मोटार आली. लूनाचं काय झालं ते जाऊ द्या. मास्तरांचं उजवं कोपर तीन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन झालं, पट्टी आणि स्क्रू बसले आणि हात काटकोनाच्या जरा अलीकडे-पलीकडे कायमचा थांबला. तेव्हा मास्तर ४४ वर्षांचे होते.

दावा लावला २००५ च्या जुलैत. कोर्ट कुठलं ते मी सांगत नाही. १९९४ च्या दुरुस्तीपासून अर्जदाराला सोय आहे: अपघात झाला तिथे, आपण राहतो तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, कुठेही दावा लावता येतो. बाकं सगळीकडची सारखीच टणक असतात. मास्तरांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून सोबतीला मी. पेशीच्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागं मास्तर आणि दोघांच्या मध्ये फाईल.

आता एक गंमत सांगतो. अपघाताच्या भरपाईसाठी हे वेगळं न्यायाधिकरण जे निघालं, ते उशीर होऊ नये म्हणूनच. १९३९ चा मोटार वाहन कायदा होता, त्यात १९५६ साली दुरुस्ती करून ही न्यायाधिकरणं आणली. हेतू हा की हातपाय मोडलेल्या माणसाला दिवाणी कोर्टाच्या रांगेत उभं करू नये. १९८८ च्या कायद्यात तर चौकशी संक्षिप्त पद्धतीनं करावी अशी मुभाच आहे. ‘संक्षिप्त’ हा शब्द मी पहिल्यांदा वकीलसाहेबांच्या तोंडून ऐकला तेव्हा मास्तरांनी रजेचा अर्ज एका दिवसाचाच दिला होता.

विनाचूक भरपाई म्हणूनही एक चीज असते. चूक कुणाची ते नंतर बघू, आधी थोडे पैसे हातात द्या, असा उदात्त विचार. १९८२ साली ही सोय आली तेव्हा मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये होते. १९९४ पासून ५०,००० आणि २५,००० झाले. आता तर २०२२ पासून मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी वेगळीच तरतूद आली आहे. मास्तरांच्या वाट्याला २५,००० होते. तातडीची ही मदत २००६ च्या सप्टेंबरात, म्हणजे अपघातानंतर २१ महिन्यांनी, तातडीनं मिळाली.

या सगळ्यात नुसता सरकारी सुस्तपणा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. काही थांबणं न्यायाचं असतं. कोपर किती बिघडलं हे कळायला आधी ते जितकं सुधारायचं तितकं सुधारू द्यावं लागतं. प्लास्टरमधल्या हाताचा टक्का कोण सांगणार? मग डॉक्टरांचा दाखला. मग त्या दाखल्यावर डॉक्टरांची साक्ष. आणि डॉक्टर ज्या दिवशी कोर्टात येतात त्या दिवशी दवाखान्यात पन्नास माणसं खोळंबतात, त्यामुळे तेही टाळणारच. मोटारीच्या मालकाला समन्स निघालं, ते ‘दिलेल्या पत्त्यावर आढळून आले नाहीत’ असा शेरा घेऊन परत आलं. दुसरं निघालं, तेही आलं. ड्रायव्हरचं लायसन परराज्यातलं, ते खरं की खोटं हे विमा कंपनीला बघायचं होतं. त्यासाठी पत्र गेलं. पत्राला उत्तर आलं ते दुसऱ्याच नंबराचं. यातला एकेक माणूस घेतला तर कुणीही राक्षस नव्हता. प्रत्येकानं आपापली दोन-तीन महिन्यांची वाजवी काडी टाकली आणि बघता बघता गंजी उभी राहिली.

बाकावर आमचा एक समाजच तयार झाला होता. ट्रकवरचा क्लीनर, भाजीवाली, कुबड्या घेतलेला एक कॉलेजातला पोरगा, पाटणसावंगीकडचे एक आजोबा. रेल्वेच्या डब्यात होते तशी ओळख. फरक एवढाच की या डब्यातल्या कुणालाच आपलं स्टेशन कधी येणार ते ठाऊक नव्हतं. कोर्टाबाहेरच्या चहावाल्याला सगळ्यांची प्रकरणं तोंडपाठ होती. मास्तरांना तो दर खेपेला विचारायचा, “काऊन गुर्जी, नाही झालं का अजून?” मास्तर नुसते हसायचे. एकदा त्यानं धीर दिला, “होते ना गुर्जी, होते. माह्या सासऱ्याचं झालं. फक्त तो पाहाले नव्हता.”

पाटणसावंगीचे आजोबाही पाहायला राहिले नाहीत. अपघातात त्यांचा पाय गेला होता. ते गेले मात्र सहा-सात वर्षांनी, साध्या तापानं. पुढच्या पेशीला त्यांचा मुलगा आला आणि त्या दिवशी आम्हाला कायद्यातली एक गोष्ट कळली, जी मला अजून नीट पचलेली नाही. अपघातात माणूस गेला तर त्याचे वारस भरपाई मागू शकतात. पण २०२२ पर्यंत जखमी माणूस दावा चालू असताना दुसऱ्याच कारणानं गेला, तर त्याच्या वेदनेची भरपाई त्याच्याबरोबर जायची. वेदना ही ज्याची त्याची. तिला वारस नसायचा. दवाखान्याचा खर्च, बुडालेली कमाई वगैरे जे ‘इस्टेटीचं’ नुकसान, तेवढंच मागं उरायचं. हे तरी उरतं की नाही, यावरही कोर्टाकोर्टांत मतभेद होते. कुणा दुसऱ्याच्या प्रकरणात ते वर गेलं आणि ते उरतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली सांगितलं. तो अपघात १९९९ चा होता.

तत्त्व म्हणून बघा, यात चूक काढता येत नाही. माझं दुखणं माझ्या मुलाला कसं काय मिळणार? पण व्यवहार म्हणून बघा. देणाऱ्यानं जितका उशीर करावा तितका वेदनेचा आकडा आपोआप पुसला जाण्याचा संभव वाढायचा. कुणी मुद्दाम करतं असं नाही. पण ज्याला थांबायला परवडतं त्याच्याच बाजूनं घड्याळ चालतं, हे कळायला वकिली पास व्हावी लागत नाही. व्याज मिळतं ना, असं यावर कुणी म्हणेल. मिळतं. पैशाला व्याज मिळतं. पैसा थांबला तर वाढतो. कोपर थांबलं तर आखडतं.

ॲरिस्टॉटल नावाच्या गृहस्थानं न्यायाधीशाचं काम रेघेच्या उदाहरणानं समजावलं आहे. एक रेघ दोन असमान तुकड्यांत कापली गेली, तर मोठ्या तुकड्यातला जादा भाग काढून लहानाला जोडायचा. दोन्ही सारखे झाले की झाला न्याय. हे मी मास्तरांना एका पेशीला, पुकारा होईपर्यंत वेळ जावा म्हणून, सांगितलं. चित्रकलेचे मास्तर ते, त्यांनी विचारलं, “जोडेपर्यंत तो लहान तुकडा जागेवर राहतो का?” मी ॲरिस्टॉटल तिथेच मिटला.

कारण मास्तरांचा तुकडा जागेवर राहिलाच नव्हता. साधारण चौथ्या वर्षी ते डाव्या हातानं लिहायला लागले होते. शाळेनं त्यांना काढलं नाही, हे शाळेचे उपकार. चित्रकलेचे तास दुसऱ्याला दिले आणि मास्तरांकडे हजेरीची रजिस्टरं, वेळापत्रक, ग्रंथालय असलं काम आलं. पगार चालू. घरी आले की रात्री जेवणं झाल्यावर पाटी घ्यायची आणि डाव्या हातानं वर्तुळं काढायची. पहिल्या वर्षीची वर्तुळं बटाट्यासारखी होती. दुसऱ्या वर्षीची आमच्या इकडच्या संत्र्यांसारखी, म्हणजे वर-खाली चेपलेली. सहाव्या वर्षी एका रात्री त्यांनी मला हाक मारली, “अहो, जरा येता का?” मी गेलो. पाटीवर वर्तुळ होतं. मी दोरी घेऊन मोजलं नाही, पण वहिनींनी मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहात मी ही गोष्ट वकीलसाहेबांना सांगितली. वकीलसाहेब सज्जन माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “छान झालं. मनापासून आनंद झाला. आता उलटतपासणी होईपर्यंत हे कुणाला दाखवू नका.”

इथे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा पेच आहे. घरचे, डॉक्टर, शेजारी सगळे म्हणतात, बरे व्हा. दावा म्हणतो, इतक्यात नको. दावा चालू आहे तोवर दुखणं ताजं राहिलं पाहिजे. फाईलमधल्या हातानं २००४ च्या डिसेंबरातच राहिलं पाहिजे. दावा सहा महिन्यांत निकाली निघाला असता तर हा प्रश्नच आला नसता. सहा महिन्यांत कुणी इतकं बरं होत नाही. पण माणसाला आठ-दहा वर्षं ताटकळत ठेवायचं आणि तेवढी वर्षं त्यानं आजारीच असावं अशी अपेक्षा करायची, म्हणजे त्याच्या शहाणपणावरच दंड बसवल्यासारखं झालं. बाकावरचा कुबड्यांचा पोरगा जिन्यापर्यंत नुसत्या काठीनं यायचा. काठी चहावाल्याकडे ठेवून कुबड्या घ्यायचा. त्याला लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याचा पाय मोडला होता हे खरं, त्याची दोन वर्षं वाया गेली हेही खरं. फक्त ते सत्य सांगायची पाळी आली तेव्हा ते थोडं शिळं झालं होतं. कुबड्यांनी तो ते पुन्हा गरम करून वाढत होता, इतकंच.

मास्तरांना मात्र ते जमेना. “मुलांना मी आयुष्यभर सांगत आलो की चित्र खोडू नका. मग आता वर्तुळ लपवू?” वहिनी म्हणाल्या, “लपवू नका, पण मिरवूही नका.” घरातला हा निर्णय कोर्टातल्या पुष्कळ निर्णयांपेक्षा लवकर आणि बरा झाला, असं माझं मत आहे.

२०११ साली उलटतपासणी झाली. विमा कंपनीचे वकील तरुण, नम्र आणि तयारीचे होते. “उजव्या हातानं चित्र काढता येतं?” “नाही.” “डाव्या हातानं?” आमच्या वकीलसाहेबांनी छताकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, “येतं.” “काय काढता?” “सध्या वर्तुळ.” समोरून एक कोरा कागद आणि पेन आलं. मास्तरांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर कागद ठेवला, एकदा न्यायाधीशांकडे पाहिलं आणि पोरांकडे बघत काढायचे तसं, कागदाकडे न बघता काढलं. कोर्टात दोन क्षण कुणी बोललं नाही. न्यायाधीशांनी कागद हातात घेतला, दुरून पाहिला, जवळून पाहिला आणि त्यावर निशाणी घालायला सांगितलं. मास्तरांचं वर्तुळ असं पुराव्यात दाखल झालं. आयुष्यात त्यांच्या कुठल्याही चित्राला इतकं अधिकृत स्थान मिळालं नव्हतं. फक्त ते त्यांच्याच विरुद्ध होतं.

बाहेर आल्यावर वकीलसाहेब रागावले नाहीत. उलट ते म्हणाले की उशीर झाला ते एका परीनं बरंच झालं. कारण मधल्या काळात कायदाच मोठा झाला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं वयानुसार गुणकांचा तक्ता नक्की केला होता: २५ वर्षांपर्यंत १८, मग उतरत उतरत ४१ ते ४५ ला १४, आणि पासष्टीपलीकडे ५. आधी याच हिशेबात जो तो आपल्या अंदाजानं गुणायचा. आणि २०१० साली त्याच न्यायालयानं असं सांगितलं की हाताचा टक्का वेगळा आणि त्यामुळे बुडणाऱ्या कमाईचा टक्का वेगळा. डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार पुरता बुडतो; तोच हात गेलेला सरकारी कारकून टेबलावर तसाच बसून राहतो. ऐकून मला हायसं वाटलं. मास्तरांना नाही वाटलं. “म्हणजे मी कोण? सुतार की कारकून?” हाच खरा मुद्दा होता. अपघाताच्या दिवशी मास्तर सुतार होते. आठ वर्षांत सगळ्यांनी मिळून त्यांचा कारकून करून ठेवला होता, आणि निकाल आता कारकुनाचा लागणार होता.

वहिनींबद्दल सांगायचं राहिलं. पहिली दोन वर्षं मास्तरांच्या सदऱ्याची बटणं लावण्यापासून भात कालवून देण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. शिवणकामाचे दोन क्लास घ्यायच्या, ते बंद केले. अर्जात ‘परिचारक खर्च’ असा एक रकाना होता. तिथे काय लिहायचं असं विचारताना वकिलांच्या कारकुनानं सवयीनं विचारलं, “पावती आहे का?” वहिनींनी आयुष्यात एकच पावती जपली होती, ती गॅसची.

गृहिणीच्या कामाचा हिशेब हे कायद्याचं जुनं दुखणं आहे. १९९४ च्या तक्त्यात न कमावणाऱ्या पत्नीची किंमत कमावत्या नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरलेली होती. म्हणजे तीच भाजी, तेच धुणं, पण नवऱ्याची बढती झाली की महाग. आमच्या विदर्भातलंच एक प्रकरण आहे. रस्त्यावरच्या अपघातात एक गृहिणी गेली. तिच्या घरच्यांचा दावा अचलपूरच्या न्यायाधिकरणानं २००७ साली फेटाळला, कारण ती गृहिणी होती, तिला कमाई नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२० साली तो निर्णय बदलला आणि घर चालवणारी बाई कमावत नाही हे म्हणणंच चूक आहे अशा अर्थाचं सांगून ८ लाख २२ हजारांची भरपाई दिली. निकाल फार चांगला आहे. मी तो वहिनींना वाचून दाखवला. त्यांनी फक्त सालं मोजली. सात ते वीस. “तेवढ्यात मुलं मोठी झाली असतील,” म्हणाल्या आणि आत गेल्या. आई नसलेल्या मुलांना तेरा वर्षांनी आईच्या कामाचे पैसे मिळाले. तोवर ते काम कुणीतरी फुकट केलंच असेल. बहुतेक थोरल्या बहिणीनं.

मास्तरांचा निवाडा २०१३ च्या ऑगस्टमध्ये लागला. सगळं मिळून २ लाख १० हजार आणि अर्जाच्या तारखेपासून साडेसात टक्के व्याज. त्यात ‘वेदना व यातना’ या सदराखाली ४०,००० होते. मला आकडेमोडीची वाईट खोड आहे. आठ वर्षांचे दिवस काढले आणि भागाकार केला: रोजचे पावणेचौदा रुपयेसुद्धा पुरते पडेनात. कस्तुरचंद पार्कासमोर त्या भावात तर्रीपोह्याची प्लेट येत नव्हती. पण हे न्यायाधीशांना कशाला म्हणा? वेदनेचा भाव कुणाला ठाऊक आहे? हम्मुराबीच्या काळीही भांडणात चुकून कुणाला जखम झाली तर ‘मुद्दाम केलं नाही’ अशी शपथ घेऊन वैद्याचे पैसे द्या, एवढ्यावर मिटवायचे. न्यूझीलंडनं तर १९७४ पासून कोर्टाचा रस्ताच बंद केला आहे. अपघात झाला की चूक कुणाची न विचारता सरकारी निधीतून उपचार आणि पगाराचा मोठा हिस्सा, पण दावा मात्र लावायचा नाही. तिथेही लोक कुरकुरतातच म्हणे. पण कुरकुरताना त्यांचं कोपर तरी मोकळं असतं. निवाड्यात एक वाक्य होतं, ते मास्तरांनी दोनदा वाचलं. अर्जदारानं आपल्या डाव्या हाताच्या कौशल्याबाबत प्रांजळपणे सांगितलं, असं त्यात म्हटलं होतं. त्याच्या पुढच्याच ओळीत त्या प्रांजळपणापोटी रक्कम कमी केली होती.

तेही विमा कंपनीला जास्त वाटलं. पगार चालू असताना नुकसान कसलं, या मुद्द्यावर त्यांनी अपील केलं. त्यासाठी २५,००० किंवा निम्मी रक्कम, यांतली जी कमी असेल ती भरावी लागते. आणखी तीन वर्षं गेली. अखेर २०१६ साली लोकअदालतीत तडजोड झाली. लोकअदालतीचा मोठा गुण हा की तिच्या निवाड्यावर अपील नाही. तिथे मास्तरांना विचारलं, थोडं कमी घेऊन मिटवता का? बारा वर्षांनी हा प्रश्न विचारायचा म्हणजे उपाशी माणसाला ‘मीठ कमी चालेल का’ विचारण्यासारखं आहे. मास्तर हो म्हणाले.

पैसे उचलायला आम्ही गेलो तेव्हा एक शेवटचा अडथळा आला. कागदपत्रं बघणाऱ्या बाबूनं मूळ अर्ज काढला. त्यावर मास्तरांचा अंगठा होता. अर्ज केला तेव्हा दुसऱ्या ऑपरेशनचं प्लास्टर होतं आणि डाव्या हातानं सही येत नव्हती, म्हणून अंगठा. आणि आता मास्तर डाव्या हातानं, वळणदार अक्षरात, सही करत होते. बाबूनं सहीकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. “अर्जदार अंगठेबहाद्दर आहे. तुम्ही कोण?”

मी पुढं होऊन समजावणार होतो. मास्तरांनी मला थांबवलं. त्यांना प्रश्न योग्य वाटला असावा. ते थोडा वेळ खरंच विचार करत उभे राहिले. मग म्हणाले, “अंगठा चालेल का?” बाबू म्हणाला, “अंगठाच चालेल. सही करायची तर नव्यानं ओळख पटवावी लागेल, वेळ जाईल.” तेव्हा एका चित्रकलेच्या शिक्षकानं शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि बारा वर्षांपूर्वीच्या माणसाचे पैसे घेतले. त्यातले निम्मे, त्यांनी उधळू नयेत म्हणून, तीन वर्षं मुदतठेवीत ठेवायचे होते.

हल्ली हे सगळं बदललं आहे, असं वकीलसाहेब सांगतात. २०२२ पासून नवे नियम आले. अपघात झाला की ४८ तासांत पोलिसांनी पहिला अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. सर्वोच्च न्यायालयानंही त्याच वर्षी डिसेंबरात ते पाळा म्हणून बजावलं. हे खरोखर पाळलं गेलं तर बाकावरचे निम्मे लोक उठून घरी जातील, आणि तसं व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. अर्जदारानंही आता सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा, अशी मुदत त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून पुन्हा आली. या मुदतीलाही आव्हान दिलं गेलं आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

पैशांतून मास्तरांनी एक चांगला कूलर घेतला आणि वहिनींना शिवणाचं मशीन. मुदतठेव पिकेपर्यंत ते निवृत्त झाले. रोज संध्याकाळी कॉलनीतली पोरं त्यांच्याकडे चित्रकलेला येतात. त्यातली दोघं-तिघं तर उजव्या हाताची असून डाव्या हातानंच वर्तुळं काढतात, कारण सर तशीच काढतात. मास्तरांची स्वतःची आता बरी येतात, पण त्यांच्या मते कोर्टातल्यासारखं पुन्हा एकदाही आलेलं नाही. ते तसंच त्या फाईलमध्ये आहे. अर्ज केला तर निशाणीचा कागद परत मिळू शकतो, असं मी त्यांना दोनदा सुचवलं. ते नको म्हणाले. अर्ज केला की पेशी पडते.